जुनं मोबाइल नेटवर्क बंद होतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टूजी किंवा थ्रीजी बंद होणार अशी बातमी कुठून आली की आमच्याकडे प्रश्नांची रीघ लागते. सुरुवात फोनपासून होते: चालेल का, बदलायचा का. पण दोन-चार प्रश्नांनंतर गाडी धोरणावर येतेच. तारीख कोणी ठरवली, कोणाला विचारून, आणि जे मागं राहिले त्यांचं काय? म्हणून दोन्ही प्रकारचे प्रश्न एकत्र ठेवले आहेत. क्रमानं वाचलंच पाहिजे असं नाही. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियम आणि तारखा देशागणिक आणि कंपनीगणिक वेगळ्या असतात, तेव्हा तुमच्या कंपनीनं पाठवलेली सूचना न वाचता पुसून टाकू नका.

१. नेटवर्क बंद होणार म्हणजे माझी मोबाइल कंपनीच बंद होणार का?

नाही. कंपनी तीच राहते, टॉवरही बहुधा तोच राहतो. एकाच टॉवरवरून कंपनी दोन-तीन पिढ्यांची नेटवर्कं शेजारी शेजारी चालवत असते. त्यातली एक पिढी थांबवली जाते. ज्या फोनला पुढची पिढी येते तो आपणहून तिकडं सरकतो आणि मालकाला पत्ताही लागत नाही. ज्याला येत नाही त्याच्या पडद्यावर 'नो सर्व्हिस' दिसतं. हे काम सहसा भागाभागानं, काही आठवडे किंवा महिने चालतं. त्यामुळे एकाच देशात एका गावी फोन मुका आणि दुसऱ्या गावी चालू, असं मधल्या काळात होऊ शकतं.

२. या पिढ्या नेमक्या कधी आल्या? एक गेली की लगेच दुसरी आली का?

तसं कधीच झालं नाही, नव्या-जुन्या पिढ्या बरीच वर्षं सोबत नांदतात. पहिली, ॲनालॉग पिढी जपानमध्ये १९७९ मध्ये सुरू झाली. जीएसएम पद्धतीचं टूजी फिनलंडमध्ये १९९१ मध्ये, थ्रीजी पुन्हा जपानमध्ये २००१ मध्ये, फोरजी स्टॉकहोम आणि ऑस्लो इथं डिसेंबर २००९ मध्ये आणि फाइव्हजी दक्षिण कोरिया व अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये. साधारण दहा वर्षांनी नवी पिढी येते. जुनी जायला मात्र वीस-तीस वर्षं लागतात. अमेरिकेत ॲनालॉग सेवा चालू ठेवायची कंपन्यांवरची सक्ती फेब्रुवारी २००८ मध्ये उठली, म्हणजे तिथं थ्रीजी रुळल्यानंतर. या पानावरच्या जवळजवळ सगळ्या अडचणी येणं आणि जाणं यांच्यामधल्या या फरकातून निघाल्या आहेत.

३. चांगलं चाललेलं नेटवर्क बंद कशासाठी करायचं?

मुख्य कारण स्पेक्ट्रम. रेडिओलहरींचे उपयोगी पट्टे म्हणजे वाढवता न येणारी जमीन. त्यातला तुकडा जुन्या पिढीनं अडवून ठेवला तर नवीला तेवढी जागा कमी पडते, आणि त्याच रुंदीच्या पट्ट्यातून फोरजी-फाइव्हजी कितीतरी जास्त माहिती वाहून नेतात. शिवाय ९०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्यांतल्या लहरी दूरवर जातात, भिंतींतूनही बऱ्यापैकी शिरतात. नेमके हेच पट्टे जुन्या पिढीकडे असतील तर ते रिकामे करायची कंपन्यांना घाई असते.

दुसरं कारण देखभालीचं. जुन्या उपकरणांचे सुटे भाग मिळेनासे होतात, त्यांची ओळख असलेले तंत्रज्ञ निवृत्त होतात, आणि थोड्याशा वापरासाठी टॉवरवर विजेचं बिल मात्र पूर्ण येतं. तिसरं कारण सुरक्षेचं. ते प्रश्न १५ मध्ये आहे. कंपन्यांच्या पत्रकात हाच क्रम उलटा दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका.

४. टूजी जास्त जुनं. मग अनेक देशांत आधी थ्रीजी का बंद झालं?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि उत्तर गमतीचं आहे. थ्रीजीच्या एका वाहकलहरीला, म्हणजे आवाज आणि डेटा वाहून नेणाऱ्या रेडिओलहरीला, ५ मेगाहर्ट्झ रुंदी लागते. टूजीच्या जीएसएमची एक वाहकलहर २०० किलोहर्ट्झमध्ये मावते. म्हणजे टूजी आकसून एका कोपऱ्यात बसवता येतं, थ्रीजीला बसवता येत नाही. थ्रीजी उठवलं की चांगला ऐसपैस पट्टा मोकळा होतो. त्यात थ्रीजीचं मुख्य काम इंटरनेट; ते फोरजी सरस करतं. टूजीवर मात्र साधे फोन आणि असंख्य यंत्रं टांगलेली असतात (प्रश्न १० पाहा).

म्हणून जर्मनीत तिन्ही कंपन्यांनी २०२१ मध्ये थ्रीजी बंद केलं आणि टूजी ठेवलं. भारतातही काही कंपन्यांनी थ्रीजी गुंडाळून टूजी चालू ठेवलं; जिओनं तर २०१६ मध्ये थेट फोरजीपासूनच सुरुवात केली. उलट क्रमाचे देशही आहेत. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रानं टूजी डिसेंबर २०१६ मध्येच बंद केलं, सिंगापूरनं एप्रिल २०१७ मध्ये. अमेरिकेत तर एकाच बाजारात दोन्ही तऱ्हा दिसल्या: एटी अँड टीनं २०१७ च्या सुरुवातीला टूजी आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, टी-मोबाइलनं जुलै २०२२ मध्ये आधी थ्रीजी घालवलं आणि टूजी पुढं चालू ठेवलं.

५. माझा फोन चालेल की नाही, हे दुकानात न जाता कसं कळेल?

तीन गोष्टी बघा. फोनला फोरजी येतं का? तुमची कंपनी फोरजीसाठी जे पट्टे वापरते ते फोनमध्ये आहेत का? आणि व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून आवाजाचा कॉल, त्या कंपनीच्या नेटवर्कवर चालतो का? पहिल्या दोन गोष्टी फोनच्या माहितीपत्रकात सापडतात. तिसरीत बहुतेक जण फसतात, म्हणून ६ आणि ७ हे प्रश्न वेगळे ठेवले आहेत.

सोपी परीक्षा अशी: नेटवर्क सेटिंगमध्ये 'फक्त फोरजी' असा पर्याय असेल तर तो निवडा, वाय-फाय बंद करा आणि कोणाला तरी कॉल लावा. कॉल लागला, बोलताना पडद्यावर फोरजी किंवा व्होल्टीचं चिन्ह टिकलं, तर साध्या कॉलची काळजी मिटली. आणीबाणीच्या कॉलची या परीक्षेनं मिटत नाही. तो प्रश्न १२. अनेक कंपन्या फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक घेऊन उत्तर देतात. तो क्रमांक फोनच्या डायलवर *#06# दाबल्यावर दिसतो.

६. माझा फोन फोरजीचाच आहे, व्हिडिओ झकास चालतात. मग थ्रीजी बंद झाल्यावर कॉल का लागेनात?

कारण तुमचा फोन इंटरनेट फोरजीवर चालवत होता आणि कॉल आला की गुपचूप खाली, थ्रीजी किंवा टूजीवर उतरत होता. फोरजीची रचना फक्त डेटासाठी आहे. आवाजासाठी जुन्या पद्धतीची राखीव वाट तिच्यात नाहीच. सुरुवातीची काही वर्षं कंपन्यांनी ही उणीव खालच्या पिढीवर उतरण्याच्या सोयीनं भागवली. नंतर व्होल्टी आलं आणि आवाजही डेटा म्हणून फोरजीवरून जाऊ लागला. या दोन काळांच्या मधे विकले गेलेले फोन फोरजीचे असूनही व्होल्टीविना आहेत. उदाहरणार्थ आयफोन ५एस फोरजीचा आहे, पण व्होल्टी आयफोन ६ पासून आलं.

खालची पिढी गेली की असा फोन इंटरनेटवर जिवंत आणि कॉलसाठी मृत होतो. व्हॉट्सॲपवरून बोलणं चालू राहतं, म्हणून दोष नेटवर्कचा वाटतो आणि लोक आठवडाभर तक्रारी करत बसतात.

७. फोनला व्होल्टी आहे, सेटिंगही चालू आहे. तरी कंपनी म्हणते 'सपोर्ट नाही'. हे काय?

व्होल्टीचं मानक एक असलं तरी ते प्रत्येक कंपनीनं थोड्या वेगळ्या तऱ्हेनं बसवलं. त्यामुळे फोनमध्ये त्या-त्या कंपनीसाठी मांडणीची फाइल असावी लागते. परदेशातून आणलेला, दुसऱ्या देशातल्या बाजारासाठी बनलेला किंवा फार प्रसिद्ध नसलेल्या ब्रँडचा फोन असेल तर ती फाइल नसते आणि व्होल्टी असूनही नसल्यासारखं होतं. काही कंपन्या तर मान्य केलेल्या मॉडेलांची यादी ठेवतात आणि बाकीच्यांना व्होल्टी देतच नाहीत.

उपाय फारसे नाहीत. सॉफ्टवेअर अपडेट करून बघा, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा. इंटरनेटवर फोनच्या आतली मांडणी बदलायचे जुगाड सापडतात. साध्या कॉलला ते चालतीलही, आणीबाणीच्या कॉलचा मात्र त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. आमच्या मते हा दोष ग्राहकाच्या माथी मारणं चूक आहे. दुकानातून नियमानुसार घेतलेला, मानक पाळणारा फोन नेटवर्कवर चाललाच पाहिजे, ही अट नियामकांनी फोरजीच्या सुरुवातीलाच घालायला हवी होती.

८. सिम बदलावं लागेल का? नंबर जाईल का?

फार जुनं, टूजीच्या काळातलं सिम फोरजीवर नोंदच होत नाही, तेव्हा ते बदलावं लागतं. नंबर सहसा तोच राहतो. ठळक अपवाद दक्षिण कोरियाचा. तिथं सगळ्यांना ०१० या एकाच सुरुवातीवर आणायचं सरकारी धोरण होतं. जुने ०११, ०१७ असे क्रमांक जपलेले लोक टूजी सोडायला तयार नव्हते, कारण वर सरकलं की नंबर गमवावा लागणार होता. त्यांची अडचण फोनची नव्हतीच.

दोन सिमच्या फोनबद्दल एक सूचना. अनेक जुन्या मॉडेलांत दुसरा खाचा फक्त टूजीचा असतो. सिम नवं, फोन फोरजीचा आणि तरी नेटवर्क नाही, असं झालं तर सिम पहिल्या खाच्यात टाकून बघा.

९. वडिलांना बटणांचाच फोन हवा आहे. स्मार्टफोन घेणं भाग आहे का?

नाही. व्होल्टी असलेले बटणांचे फोरजी फोन मिळतात. घेताना फक्त 'फोरजी' शब्दावर जाऊ नका, प्रश्न ५ मधली परीक्षा दुकानातच करा. अक्षरांचा आकार, घंटेचा आवाज आणि बॅटरी हेही बघून घ्या. फोरजीचा बटणांचा फोन जुन्या टूजी फोनइतके दिवस चार्जवाचून टिकत नाही, आणि पुढं खरी कुरबुर त्यावरूनच होते.

१०. फोन सोडून आणखी काय काय बंद पडतं?

आमच्या मते या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो.

जुन्या नेटवर्कवर माणसांइतकीच यंत्रं असतात. लिफ्टमधलं मदतीचं बटण, चोरघंटा, आगीची सूचना देणारी पेटी, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातलं आपत्कालीन बटण, कार्ड घासायचं यंत्र, वीजमीटर, वाहनाचा ठावठिकाणा सांगणारी डबी, शेतातला पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारा स्टार्टर. यांच्या पोटात एक छोटा मोडेम आणि सिम असतं. ते बसवणारा माणूस केव्हाच निघून गेलेला असतो, आणि इमारतीच्या आजच्या व्यवस्थापकाला आत सिम आहे हेच ठाऊक नसतं. फोनच्या मालकाला कंपनी एसएमएस पाठवून सावध करते. लिफ्टला पाठवलेला एसएमएस कोण वाचणार?

अनुभव जुना आहे. अमेरिकेत ॲनालॉग सेवा संपताना ऑनस्टार या वाहन-सुरक्षा सेवेनं फक्त ॲनालॉगवर चालणाऱ्या गाड्यांची सेवा २००७ च्या अखेरीस थांबवली. गाड्या धडधाकट होत्या, मदतीचं बटण तेवढं शोभेचं झालं. पुढं तिथल्या थ्रीजीच्या वेळी चोरघंटांच्या उद्योगानं नियामकाकडं मुदतवाढ मागितली. महासाथीमुळे घरोघरी जाऊन पेट्या बदलता आल्या नाहीत आणि चिपचा तुटवडा होता, असं त्यांचं म्हणणं. तारीख हलली नाही. जुन्या किंडल वाचनयंत्रांचं मोबाइल इंटरनेटही तेव्हाच गेलं. ते निदान वाय-फायवर भागलं. ब्रिटनमध्ये तर लाखो घरांतले स्मार्ट मीटर टूजी-थ्रीजीवरून संदेश पाठवतात. तिथं जुन्या नेटवर्कांची शेवटची मुदत २०३३ ठेवली गेली, त्याआधी त्या मीटरांचे संपर्कभाग बदलावे लागणार.

तुम्ही सोसायटी, दवाखाना किंवा कारखाना सांभाळत असाल तर एक यादी करा: कोणत्या यंत्रात सिम आहे, ते कोणत्या कंपनीचं, बिल कोण भरतं. बिलापासून सुरुवात केली की यंत्रं सापडतात.

११. माझ्या गाडीत अपघात झाल्यावर आपोआप कॉल लावणारी सोय आहे. तिचं काय?

गाडी युरोपीय संघातली असेल तर ही सोय म्हणजे ई-कॉल, आणि ती ३१ मार्च २०१८ पासून मंजूर होणाऱ्या नव्या प्रकारच्या गाड्यांना सक्तीची आहे. अडचण अशी की नियमात ती टूजी-थ्रीजीवर बेतलेली होती. म्हणजे सरकारनं ज्या पिढीवर सुरक्षा सक्तीची केली तीच पिढी कंपन्या बंद करायला निघाल्या. फोरजीवर चालणारा नवा ई-कॉल नव्या प्रकारच्या गाड्यांना २०२६ पासून लागू झाला. मधल्या वर्षांतल्या गाड्यांसाठी उत्पादकाला विचारण्याला पर्याय नाही. काहींचा मोडेम बदलता येतो, बऱ्याच गाड्यांचा येत नाही. दोन सरकारी खाती एकमेकांशी बोलली नाहीत तर काय होतं, याचा हा नमुनाच म्हणा.

१२. साधा कॉल लागतो म्हणजे आणीबाणीचा कॉलही लागेलच ना?

लागेलच असं नाही. फोनच्या आत आणीबाणीच्या कॉलची वाट वेगळी असते. तो क्रमांक लावला की फोन नेहमीचे नियम बाजूला ठेवतो, आपल्या कंपनीचं नेटवर्क नसेल तर मिळेल त्या कंपनीचं पकडतो. काही फोन साधा कॉल व्होल्टीवरून लावतात, पण आणीबाणीचा कॉल मुद्दाम थ्रीजीवर उतरून लावायचा असं त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं असतं. थ्रीजी असेपर्यंत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ते गेल्यावर अशा फोनवरून रोजचं सगळं चालतं आणि नेमका जिवावर बेतल्यावर लावलेला कॉल जात नाही.

हे ऑस्ट्रेलियात उघड झालं. तिथं टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्रीजी बंद केलं. त्याआधी असे फोन वापरात असल्याचं ध्यानात आल्यावर तारीख पुढं ढकलली गेली होती, संसदेच्या समितीत चर्चा झाली, आणि शेवटी सरकारनं कडक नियम केला: ज्या फोनवरून ०००, म्हणजे तिथला आणीबाणीचा क्रमांक, लागू शकत नाही त्याला कंपनीनं सेवाच देऊ नये. चालणारा फोन मुद्दाम बंद पाडायचा, यावर लोक चिडले. आम्हाला मात्र तो नियम पटतो. बंद पडलेला फोन माणूस बदलतो; चालतोय असं भासवणाऱ्या फोनवर तो विसंबून राहतो. एवढं करूनही २०२५ मध्ये सॅमसंगची काही जुनी मॉडेलं या जाळ्यातून निसटल्याचं पुढं आलं. काहींना अपडेट पुरलं, काही बदलणं भाग पडलं.

आणीबाणीचा क्रमांक लावून चाचणी करू नका, विनाकारण असा कॉल करणं अनेक देशांत गुन्हा आहे. मॉडेलचं नाव सांगून कंपनीला लेखी विचारा.

१३. बंद करायची तारीख कोण ठरवतं? सरकार की कंपनी?

चार तऱ्हा आढळतात. काही ठिकाणी निर्णय निव्वळ कंपनीचा असतो. नियामक एवढंच बघतो की ग्राहकाला पुरेशी आधी सूचना मिळाली का. अमेरिका साधारण अशी. दुसऱ्या तऱ्हेत परवान्याची मुदतच तारीख ठरवते. तैवानमध्ये टूजी ३० जून २०१७ ला थांबलं ते त्या परवान्यांची मुदत संपली म्हणून. तिसरी तऱ्हा ब्रिटनची: डिसेंबर २०२१ मध्ये सरकार आणि चार कंपन्यांनी मिळून २०३३ ही शेवटची मर्यादा जाहीर केली, तिच्या आत ज्यानं त्यानं आपलं बघावं.

चौथी तऱ्हा व्हिएतनामची, आणि सगळ्यात शिकण्यासारखी तीच आहे. तिथं सरकारनं आधी नव्या साध्या फोनचा ओघ थांबवला. १ जुलै २०२१ पासून देशात बनणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या फोनला फोरजी सक्तीचं केलं. मग तीन वर्षं जाऊ दिली. त्यानंतर फक्त टूजी चालणाऱ्या फोनची सेवा थांबवायची तारीख सप्टेंबर २०२४ ठेवली. यागी चक्रीवादळानं देशाला झोडपल्यावर ती ऑक्टोबरच्या मध्यावर नेली. टूजी नेटवर्कही लगेच उपटलं नाही, व्होल्टी नसलेल्या फोनवरचे कॉल चालावेत म्हणून २०२६ पर्यंत ठेवलं. ज्या देशात बाजारात अजून टूजी फोन विकले जात आहेत तिथं बंदीची तारीख जाहीर करणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसण्यासारखं आहे.

तारीख न्यायालयातही अडते. दक्षिण कोरियात केटी कंपनीचं टूजी बंद करणं डिसेंबर २०११ मध्ये न्यायालयानं ऐनवेळी रोखलं. वरच्या न्यायालयानं ती स्थगिती उठवल्यावर जानेवारी २०१२ मध्ये काम सुरू झालं. आणि तारीख माणुसकीनंही हलते. जपानमध्ये नोतो भूकंपानंतर सॉफ्टबँकनं इशिकावा प्रांतापुरतं थ्रीजी ३१ जुलै २०२४ पर्यंत चालू ठेवलं. 'तारीख बदलणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य' असं कोणी सांगितलं तर ही उदाहरणं द्या.

१४. निर्णय त्यांचा, मग नवा फोन मी माझ्या पैशानं का घ्यायचा?

रास्त प्रश्न. टीव्हीचं प्रसारण ॲनालॉगवरून डिजिटलवर नेताना अमेरिकेनं मागणाऱ्या प्रत्येक घराला जुना टीव्ही चालवणाऱ्या पेटीसाठी ४० डॉलरची दोनपर्यंत कूपनं दिली, आणि लोक तयार नाहीत हे दिसल्यावर तारीख फेब्रुवारी २००९ वरून १२ जूनवर नेली. मोबाइलच्या बाबतीत इतकी उदारता क्वचितच दिसते. कारण टीव्हीचा मोकळा झालेला स्पेक्ट्रम सरकार लिलावात विकणार होतं, म्हणजे फायदा सरकारी तिजोरीचा होता. मोबाइलमध्ये मोकळा होणारा पट्टा कंपनीकडंच राहतो. फायदा जिथं जातो तिथूनच बदलाचा खर्च यावा, असं आमचं मत आहे.

काही कंपन्या देतातही. व्हिएतनाममध्ये कंपन्यांनी शेवटच्या टप्प्यात साधे फोरजी फोन फुकट वाटले. अशी योजना बहुधा तारखेच्या अगदी तोंडावर येते, तेव्हा पहिल्या सूचनेला घाबरून लगेच फोन घेऊ नका. दक्षिण आफ्रिकेनं वेगळा मार्ग धरला: स्वस्त स्मार्टफोनवरचा चैनीच्या वस्तूंचा ९ टक्के कर एप्रिल २०२५ पासून काढून टाकला. स्मार्टफोन चैनीत मोडतो हे कागदावर तोवर टिकून होतं, हेच आश्चर्य.

१५. टूजी असुरक्षित आहे म्हणतात. मी स्वतःच ते बंद करू का?

करू शकता. टूजीमध्ये नेटवर्क फोनची ओळख तपासतं, फोन मात्र नेटवर्कची ओळख तपासत नाही. त्यामुळे गाडीत खोटा टॉवर घेऊन फिरणारा भामटा आसपासच्या फोनना टूजीवर ओढून, बँकेच्या नावाचे खोटे एसएमएस थेट त्यांच्यात टाकू शकतो. कंपनीची गाळणी मधे येतच नाही. थ्रीजीपासून दोन्ही बाजूंची ओळख तपासली जाते. अँड्रॉइड १२ पासून काही फोनवर टूजी बंद करायचं बटण आहे. आयफोनमध्ये आयओएस १७ पासून लॉकडाउन मोडमध्ये, म्हणजे जास्तीच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये, ते बंद होतं. अँड्रॉइडवरचं हे बटण आणीबाणीच्या कॉलसाठी टूजीला मुभा ठेवतं. तुमच्या भागात व्होल्टी नीट चालत नसेल तर मात्र कॉल गमवाल, आधी प्रश्न ५ ची परीक्षा करा.

१६. बाकी लोक कधीचे फोरजीवर गेले. थोडे लोक अजून टूजीवर का अडून बसतात?

'अडून बसतात' हा शब्द आम्हाला खटकतो. जीएसएमए या मोबाइल उद्योगाच्या संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार मोबाइल इंटरनेट पोचलेलंच नाही असे लोक जगात सुमारे ४ टक्के आहेत. ते पोचलेलं असून न वापरणारे सुमारे ३९ टक्के. म्हणजे टॉवर उभारून प्रश्न सुटलेला नाही. फोनची किंमत, वाचता-लिहिता येणं, आपल्या भाषेत उपयोगी काही असणं, फसवणुकीची भीती, घरातल्या बाईच्या हाती फोन द्यायचा की नाही यावरचे वाद. या गोष्टी नकाशावर रंगवता येत नाहीत.

शिवाय ज्याचं काम कॉल आणि एसएमएसवर भागतं त्यानं उगाच का बदलावं? धोरणाच्या कागदपत्रांत अशा माणसाला 'मागे राहिलेला' म्हणतात. त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्याच्या हातात चालणारी वस्तू आहे आणि ती दुसऱ्याच्या सोयीसाठी काढून घेतली जात आहे.

१७. साध्या फोनवरून पैसे पाठवतो, स्टार-हॅश लावून शिल्लक बघतो. हे फोरजीवर चालतं का?

एसएमएस चालतो. स्टार-हॅशची सेवा, म्हणजे यूएसएसडी, ही जुन्या आवाजाच्या वाटेवर बसलेली आहे. फोरजीवरचा फोन ती वापरताना खाली उतरतो, किंवा कंपनीनं तीच सेवा व्होल्टीच्या यंत्रणेवर वेगळी बसवलेली असावी लागते. ती बसवली नसेल आणि खालची पिढी गेली, तर कोड लागतच नाही. केनियातली एम-पेसा २००७ मध्ये सुरू झाली ती साध्यात साध्या फोनवर चालावी म्हणूनच. तिच्यासारख्या सेवांवर जिथं रोजचा व्यवहार चालतो तिथं नेटवर्क बंद करण्याचा निर्णय बँकेला न विचारता घेता येणार नाही.

१८. परदेशात जातोय. इथं फोन चालतो, तिथं चालेल?

इंटरनेट बहुधा चालेल, कॉलची खात्री नाही. व्होल्टीवरून रोमिंग करायला दोन्ही कंपन्यांमध्ये वेगळा करार लागतो. तो नसेल आणि तिथं टूजी-थ्रीजी दोन्ही गेलेलं असेल तर सिम नोंद होऊनही कॉल जात नाही. निघण्यापूर्वी 'त्या देशात व्होल्टी रोमिंग आहे का' एवढंच विचारा. पर्यायी उपाय म्हणजे तिथलं सिम, पण प्रश्न ७ तिथंही लागू होतो.

१९. मग फोरजी कधी बंद होणार?

इतक्यात नाही. आजचं बरंचसं फाइव्हजी फोरजीच्या आधारावरच उभं आहे, आणि फाइव्हजी दिसणारे बहुतेक फोन कॉल लावताना अजून व्होल्टीच वापरतात. थ्रीजीवर आज आलेली वेळ फोरजीवर यायला बराच काळ जाईल.

२०. आमच्या इमारतीत नवी लिफ्ट बसतेय, वीस वर्षं चालायला हवी. तिच्यातलं मोबाइल यंत्र कोणतं घ्यावं?

फक्त टूजी किंवा थ्रीजीचं असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. फोरजीचं घ्या, व्होल्टी तुमच्या कंपनीवर चालतं याचा कागद घ्या. मोडेम यंत्राच्या मुख्य सर्किटवर कायमचा जोडलेला नको, सुटा काढून बदलता येईल असा हवा, कारण वीस वर्षांत तो एकदा तरी बदलावा लागणार हे धरूनच चाला. सिम कोणाच्या नावावर राहील आणि नेटवर्क कंपनीची सूचना कोणत्या पत्त्यावर येईल हे करारात लिहून घ्या. लिफ्टच्या कंपनीच्या पत्त्यावर नको, सोसायटीच्या. दर महिन्याला एकदा ते बटण दाबून पलीकडून माणूस बोलतो का हे बघायचं काम कोणाचं, तेही त्याच करारात घाला.